विहाराच्या अंगणातली गोलवाट

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. दवाखान्यातून परतलेली आमची एक शेजारीण विहाराच्या पायरीवर टेकली आणि कागदाची पुडी पदरात बांधत म्हणाली, "डाक्टर म्हणते का रोज अर्धा घंटा चालाचं. पन चालाचं कुठं?"

आम्ही सगळ्या हसलो. मग गप्प झालो. कारण प्रश्न खरा होता. रस्त्यावर ट्रक आणि ट्रॅव्हल्स. गल्लीत नालीवरची फरशी तुटलेली. शाळेचे मैदान सायंकाळी क्रिकेटच्या पोरांचे. ज्या वसाहतींत बगीचे आहेत, त्या आमच्यापासून दूर. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या किती वस्त्यांत बायांनी, म्हाताऱ्यांनी निर्धास्त चालावे अशी जागा आहे? दिवसभर शेतात, गिरणीत, दुसऱ्याच्या घरी राबताना पाय थकतात हे खरे. पण डॉक्टर ज्याला चालणे म्हणतात ते ते नव्हे. ते स्वतःसाठी चालणे आहे, आणि त्यासाठी आमच्याकडे जागाच नव्हती.

जागा होती ती एकच. विहारापुढचे सिमेंटचे अंगण. तिथे जयंतीला मंडप पडतो, लग्नाच्या पंगती बसतात आणि एरवी मोटारसायकली उभ्या राहतात. त्या अंगणाचे काय झाले, ते या लेखात सांगायचे आहे. आमच्या वाचक भगिनी-बंधूंच्या वस्तीतही असे एखादे अंगण असेलच.

भूलभुलैया नव्हे

जगात बऱ्याच ठिकाणी बगीच्यात, शाळेच्या मैदानावर, दवाखान्याच्या आवारात जमिनीवर रंगाने एक मोठी गोल आकृती काढतात. तिच्यात रेघांच्या मधून चालायची एक वाट असते. वाट वळत, फिरत, मध्यापर्यंत जाते. चालणारा मध्यावर क्षणभर थांबतो आणि त्याच वाटेने परत येतो. इतकेच. तिकीट नाही, यंत्र नाही, शिकवणारा नाही.

अशा आकृतीला आपल्याकडे चक्रव्यूह म्हणतात. पण हे नाव घेतले की डोळ्यांपुढे अभिमन्यू येतो. आत शिरला, बाहेर पडता आले नाही, मारला गेला. बोलण्यातही आपण 'कर्जाचा चक्रव्यूह' म्हणतो. काहींना लखनौच्या मोठ्या इमामबाड्यातला भूलभुलैया आठवतो. तिथे वाटांना फाटे आहेत, चुकायला होते. जमिनीवरच्या या आकृतीत तसे काहीच नाही. फाटा एकही नाही. वाट एकच. जो पाऊल टाकत राहील तो मध्यावर पोचतोच. लहान मूल पोचते, कमी दिसणारी आजीही पोचते. म्हणून आमच्या मुलांनी तिला दिलेले 'गोलवाट' हे नावच आम्हांला बरे वाटते.

या वाटेची एक गंमत आहे. सात वेढ्यांच्या जुन्या नमुन्यात माणूस आत शिरतो तो थेट बाहेरून तिसऱ्या वेढ्यात. मग वाट त्याला दुसऱ्यात आणि पहिल्यात, म्हणजे आणखी बाहेर नेते. मग चौथा, मग एकदम सातवा. सातवा वेढा मध्याला अगदी लागून. वाटते, पोचलोच. पण नाही. तिथून वाट पुन्हा सहाव्यात आणि पाचव्यात मागे नेते, आणि पाचव्यातून एकदम मध्यावर. आमच्याकडची एक मुलगी दहावीला पहिल्या खेपेस गणितात राहिली होती. ती हे चालून आल्यावर म्हणाली, "जवळ आल्यावर मागं नेते, पण सोडत नाही." तिला कोणी काही समजावले नव्हते.

बोरामणीच्या माळावरची वाट

हे खूळ परदेशातून आले असे कोणी म्हणेल. तसे नाही. २०२५ च्या अखेरीस सोलापूर जिल्ह्यातल्या बोरामणीच्या माळरानावरची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. वन्यप्राण्यांची पाहणी करणाऱ्या निसर्गप्रेमींना गवतात दगडांची एक गोल मांडणी दिसली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व अभ्यासक सचिन पाटील यांनी तिचा अभ्यास केला. आकार सुमारे ५० फूट बाय ५० फूट. एकात एक १५ वेढे. भारतात सापडलेल्या गोल रचनांत इतके वेढे याआधी नोंदले गेले नव्हते. अभ्यासकांच्या मते ही रचना सुमारे २००० वर्षांपूर्वीची, सातवाहनांच्या काळातली असावी.

तो काळ व्यापाराचा होता. कोकणातल्या बंदरांपासून तेरसारख्या पेठांपर्यंत मालाचे तांडे जात. रोमचा माल इकडे येई, इकडचा तिकडे जाई. भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटावरच्या जुन्या नाण्यांवर अशीच आकृती आहे, म्हणून या मांडणीचा संबंध त्या व्यापारी वाटेशी असावा असा कयास आहे. याच काळात याच वाटांच्या आधाराने आपली लेणी कोरली गेली. कार्ल्याच्या चैत्यगृहात यवन दात्यांनी दिलेले खांब आहेत, त्यांवर तसे लेख आहेत. दूरदेशीच्या माणसांनी बौद्ध लेण्याला खांब द्यावा आणि त्यांच्या देशातली आकृती आमच्या माळावर उमटावी, इतके ते जग खुले होते.

गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या कातळावर कोरलेली चित्रे आहेत. १९९३ साली ती अभ्यासकांपुढे आली. त्यांत बैल आहेत, माणसे आहेत आणि अशीच एक गोल वेढ्यांची आकृती आहे. कर्नाटकात हळेबिडूच्या बाराव्या शतकातल्या मंदिरावर चक्रव्यूह कोरला आहे. ग्रीस देशात पायलोस येथे सुमारे ३२०० वर्षांपूर्वीची हिशेबाची मातीची पाटी मिळाली. तिच्या मागच्या बाजूला कोण्या कारकुनाने हीच वाट चौकोनी करून रेखली आहे. फ्रान्समध्ये शार्त्र गावच्या मोठ्या चर्चच्या फरशीवर तेराव्या शतकाच्या आरंभीची ११ वेढ्यांची वाट आहे. तिची रुंदी सुमारे ४२ फूट. लोक आजही तिच्यावरून चालतात.

तात्पर्य, ही आकृती कोण्या एका धर्माची नाही, एका देशाची नाही.

बुद्धाने काय सांगितले, काय नाही

आमच्या वस्तीत पहिला आक्षेप आला तो एका ज्येष्ठ उपासकांचा. गिरणीत आयुष्य घालवलेले, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेले गृहस्थ. ते म्हणाले, "आज चुन्याचं रिंगण काढाल, उद्या त्यात लिंबू ठेवाल. आपल्याला कशाला पाहिजे?"

त्यांचा राग आम्हांला पटला. चौकातले रिंगण, त्यातला लिंबू, मिरची, बाहुली आपण सर्वांनी पाहिली आहे. चक्रव्यूहाच्या बाबतीत तर असला प्रकार खरोखरच झालेला आहे. देशाच्या काही भागांत बाळंतपणात अडलेल्या बाईला हे चित्र दाखवण्याची किंवा चित्र धुतलेले पाणी पाजण्याची चाल होती. बाई अडली की तिला दवाखान्यात न्यायचे असते, चित्र दाखवत बसायचे नसते. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. कायदा नसता तरी बाबासाहेबांच्या लेकरांना हे सांगावे लागू नये.

म्हणून बैठकीत ठरले. गोलवाटेत हळद-कुंकू नाही, नारळ नाही, पैसे टाकणे नाही, नवस नाही. चालल्याने शुगर बरी होते असे कोणी सांगायचे नाही. चालण्याने शरीराला जो फायदा होतो तो सरळ रस्त्यावर चाललो तरी होतोच. औषध बंद करायचे नाही.

दुसरी गोष्ट. 'ही तर बुद्धाची वाट' असेही कोणी म्हणू नये. तथागतांनी गोलवाट सांगितलेली नाही. त्यांनी सांगितले ते चंक्रमण. म्हणजे सावधपणे, पावलांवर लक्ष ठेवून, एका सरळ जागेत येरझारा घालणे. बुद्धगयेला महाबोधी विहाराच्या उत्तरेस त्यांच्या चंक्रमणाची जागा दाखवतात, तिथे दगडात कोरलेली कमळे आहेत. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, प्रयत्न करण्याची ताकद येते, आजार कमी होतो, खाल्लेले पचते आणि चालताना जमलेली एकाग्रता बराच वेळ टिकते. पाचांपैकी चार लाभ तर रोजच्या कष्टाच्या माणसाच्या कामाचे आहेत, पाचवा सगळ्यांच्याच.

मग गोलवाट कशासाठी? सरळ जागा लांब लागते, ती आमच्याकडे नाही. अंगण २५ फुटांचे. त्यात सरळ येरझारा घातल्या तर दर आठ-दहा पावलांना वळावे लागते. तेवढ्याच जागेत गोलवाट काढली तर जाऊन-येऊन चारशे फुटांच्या वर चालणे होते. आणि वाट नजरेसमोर रेखलेली असल्याने मन पावलावर राहते. हिशेब एवढाच. आमचे ते ज्येष्ठ उपासक हा हिशेब ऐकून म्हणाले, "मग सुतळी मी आणतो."

रेखायची कशी

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. आधी कागदावर दोन-चारदा काढून पाहावे. ठिपक्यांची रांगोळी येते त्या कोणालाही हे जमते.

एक माप ठरवा. आम्ही दीड फुटाची पट्टी घेतली, म्हणजे वाट दीड फूट रुंद. अंगणात अधिकचे चिन्ह काढा, त्याचा प्रत्येक हात मध्यापासून दोन मापे. त्यामुळे चार घरे होतात. प्रत्येक घरात एक काटकोन काढा. त्याचा कोपरा मध्याकडे, दोन्ही रेघांपासून एक-एक माप दूर. त्याचे दोन्ही हात बाहेरच्या बाजूला, अधिकच्या टोकांच्या पातळीपर्यंत. शेवटी चारही घरांच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर एक-एक ठिपका. आता कडेने मोजा. रेघांची टोके आणि ठिपके मिळून १६ भरले पाहिजेत.

आता जोडणी. अधिकचे वरचे टोक त्याच्या उजव्या शेजारच्या टोकाला छोट्या कमानीने जोडा. मग या कमानीच्या डावीकडचे पुढचे टोक उजवीकडच्या पुढच्या टोकाला, पहिल्या कमानीवरून, एक माप अंतर ठेवून. पुन्हा डावीकडचे पुढचे, उजवीकडचे पुढचे. असे करत खालपर्यंत या. आठ कमानी झाल्या की १६ टोके संपतात. शेवटची कमान सगळ्यांना वळसा घालून अधिकच्या खालच्या टोकाला येते. तिच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या टोकांमध्ये जी फट उरते, तेच वाटेचे तोंड.

कमानी गोल याव्यात म्हणून पहिल्या कमानीच्या दोन टोकांच्या बरोबर मध्ये खिळा ठेवा, त्याला सुतळी बांधा. सिमेंटवर खिळा ठोकता येत नाही, एकाने पायाने दाबून धरावा. सगळ्या कमानींचा वरचा अर्धा भाग या एकाच खिळ्यावरून निघतो. खालचा भाग पट्टीने माप घेत हाताने वळवा. दीड फुटाच्या मापाने आकृती साडेबावीस फूट रुंद होते.

आमची पहिली आकृती चुकली. चौथ्या कमानीला उजवीकडचे एक टोक सुटले आणि पुढची सगळी जोडणी सरकली. रेघा दिसायला छान होत्या. पण मुले चालायला लागली तर तिसऱ्या वळणावर वाट बंद. नशीब, तोवर खडूनेच काढले होते. ओल्या पोत्याने पुसून पुन्हा काढले. म्हणून सांगणे आहे, रंगाचा डबा उघडण्याआधी खडूच्या रेघांवरून किमान तिघांनी चालून यावे.

रंग, ऊन आणि परवानगी

मातीच्या अंगणात चुना किंवा गेरू पुरतो, पण पहिल्या पावसात जातो. दरवर्षी नव्याने काढायची हौस असेल तर तेही वाईट नाही, मुले शिकतात. सिमेंटवर किंवा गट्टूवर बाहेरच्या भिंतीला लावतात तो रंग किंवा रस्त्यावर पट्टे मारतात तो रंग टिकतो. आधी जागा झाडून, धुऊन, पूर्ण सुकवून घ्यावी. ओल असेल तर रंगाचे पापुद्रे निघतात. तैलरंग गुळगुळीत असतो, पावसात पाय घसरतो. म्हणून रंगात चाळलेली बारीक रेती मिसळावी आणि रेघ तीन-चार बोटांपेक्षा जाड करू नये.

दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी जगभरातले हौशी लोक आपापल्या ठिकाणच्या वेळेप्रमाणे दुपारी एक वाजता अशा वाटांवरून चालतात. त्यांच्याकडे खुशाल चालावे. वर्ध्याच्या मे महिन्यात दुपारी एकला सिमेंटवर पाय ठेवून पाहा म्हणावे! आपण सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावर चालावे. शुगर असणाऱ्यांनी अनवाणी मुळीच चालू नये, पायाला चटका बसलेला किंवा काच रुतलेली त्यांना लवकर कळत नाही.

कुबडी किंवा चाकाची खुर्ची वापरणारे कोणी वस्तीत असेल तर माप तीन फुटांचे घ्यावे. मग जागा ५० फूट लागते. तेवढी नसेल तर वेढे कमी करावेत, पण त्या माणसाला वगळू नये.

आणि परवानगी. विहाराचे अंगण असेल तर विहार समितीची, शाळेचे असेल तर शाळा व्यवस्थापन समितीची आणि मुख्याध्यापकांची, मोकळी जागा असेल तर ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची. लेखी घ्यावी. गाड्यांच्या रस्त्यावर कधीही काढू नये. आम्ही एका कार्यालयात शाळेजवळच्या मोकळ्या जागेसाठी अर्ज दिला होता. तीन खेटे घातले. तिथल्या बाबूंनी विचारले, "यातून तुम्हांला काय मिळणार?" अजून उत्तर आलेले नाही. अर्जाची पोच आम्ही जपून ठेवली आहे.

वाट कोणाची

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला नंतर एका आजींनी दिले.

रंग वाळल्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी वंदना झाली. मुले वाटेत धावत होती. ऐंशीच्या पुढच्या एक आजी काठी टेकत तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. आत पाऊल टाकेनात. आम्हांला वाटले, डोळ्यांनी दिसत नसेल. त्यांनी विचारले, "याच्यात कोनबी जाऊ शकते काय?"

शहाण्या पोरांना हा प्रश्नच कळला नाही. आम्हांला कळला. आजींच्या लहानपणी त्यांच्या गावात मोठ्या वाड्यांपुढून जाताना त्यांच्या आईला वहाणा हातात घ्याव्या लागत. काही वाटा होत्याच नाहीत, म्हणजे त्या आपल्यासाठी नव्हत्या. वाट दिसली की आधी विचारायचे, ही सवय त्या माउलीच्या अंगात अजून आहे.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, की सरकारी पैशाने बांधलेले तलाव, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. कागदावर वाट खुली झाली. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांमागून हजारो लोक महाडच्या रस्त्यावरून चालत चवदार तळ्यापर्यंत गेले, तेव्हा ती पायाखाली आली. त्यासाठी मार खाल्ला, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. आमच्या वर्ध्यात १९२८ साली लक्ष्मीनारायणाचे मंदिर अस्पृश्यांना खुले केले गेले, त्याचा मोठा बोलबाला झाला. पण मालकाने दार उघडले म्हणून आत जाणे वेगळे आणि वाट सर्वांची आहे म्हणून चालणे वेगळे. महाडने आपल्याला दुसरी गोष्ट शिकवली.

म्हणून आमच्या गोलवाटेच्या तोंडाशी आम्ही पाटी लावलेली नाही. शेजारच्या मोहल्ल्यातल्या मुस्लिम भगिनी येतात, पलीकडच्या आळीतली मुले येतात. गाड्या आता बाजूच्या भिंतीशी लागतात. त्यावरून आठवडाभर कुरबुर झाली, मग थांबली. मुली दिवे लागेपर्यंत अंगणात असतात आणि त्यांना कोणी उठवत नाही. आमच्या शेजारणीच्या अर्ध्या तासापैकी वीस मिनिटे तरी होतात.

वर्ध्याला जाणे झाले तर विश्वशांती स्तूपाला अवश्य जावे. १९९३ साली झालेला हा पांढराशुभ्र स्तूप, चारी दिशांना बुद्धमूर्ती. मुलांना घेऊन शांतपणे एक प्रदक्षिणा घालावी आणि चालता चालता त्यांना विचारावे, आपल्या वस्तीत अशी चालायची जागा कुठे करता येईल? उत्तर मुलेच देतील. खडू, सुतळी आणि एक पट्टी घेऊन एका रविवारी कामाला लागावे, पावसाळ्याच्या आधी.

त्या आजींचे सांगायचे राहिले. त्यांच्या प्रश्नावर सहा वर्षांचा एक पोरगा पळता पळता थांबला आणि म्हणाला, "हो आजी, कोनबी. फक्त रेघेवर पाय नाही द्यायचा." आजींनी काठी आत टाकली. आम्ही मोजले नाही, पण मध्यावर पोचायला त्यांना बराच वेळ लागला. तिथे थोडे थांबून त्या परत निघाल्या, तेव्हा समोरून येणाऱ्या पोरांना वाट द्यावी की त्यांनी आपल्याला द्यावी, असा क्षणभर घोळ झाला. पोरे बाजूला झाली.

जयभीम!